दुफाट्यावरचा पहारा

आमच्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबात गाड्या चौदा आणि नियम एकच. वळण आलं की म्होरक्याच्या मागच्याने तिथे थांबायचं, हात लांब करून वाट दाखवायची आणि सगळ्यात शेवटचा येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शेवटचा येतो, दोनदा हॉर्न वाजवतो आणि ओरडतो, "सुटलास!" मग थांबलेल्याने पुढे निघायचं. शेवटच्याने कुणालाही ओलांडायचं नाही. नियम बाबांचा, आणि गेली तीस वर्षं शेवटचेही बाबाच.

त्या रविवारी दुफाट्यावर थांबायची पाळी माझी होती. डावा रस्ता टेकडीकडे जातो. सरळ रस्ता बंद दगडखाणीच्या तोंडाशी संपतो आणि तिथे साधा कठडाही नाही. अकरा गाड्या फटफटत, धूर ओकत डावीकडे गेल्या. शेवटून दुसरा आमचा बेकरीवाला. "बाबा मागेच आहेत!" म्हणत तोही गेला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. फोन लावला, नुसता वाजत राहिला. गाडीवर असताना बाबा फोन उचलत नाहीत, हेही त्यांचंच.

माझं चष्म्याचं दुकान आहे. तीन महिन्यांपूर्वी मीच बाबांना तक्त्यासमोर बसवलं होतं. उजव्या डोळ्याला तिसरी ओळ दिसेना, डावा पहिल्याच अक्षराशी अडखळला. काच बदलून भागण्यातलं हे नव्हतं. "काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं. "चालतंय की," मी म्हणालो. आईला मात्र शब्द दिला, एवढी राइड होऊ दे, मग किल्ली काढून घेतो. पुढच्याची पाठ तेवढी बघायची, त्यात काय होणार, अशी माझी मीच समजूत घातली. धंदा डोळ्यांचा आणि धूळफेक घरातच!

मागे शोधायला जावं तर वाटा दोन, डांबरी आणि कालव्याकाठची. मी एकीने जाईन, बाबा दुसरीने इथे पोचतील. दुफाट्यावर कुणी नाही म्हणजे सरळ जायचं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. न जावं तर ते कुठेतरी खड्ड्यात पडलेले असतील. हात लांब केलेलाच होता. खांदा भरून आला, उन्हाने मान भाजली, पण हात खाली घ्यायची भीती वाटत होती. बाबांवर मी मनातल्या मनात इतका चिडलो की डोळ्यांत पाणी आलं.

पन्नास मिनिटांनी माझा धीर सुटला. सरळ रस्त्यावर जमतील तेवढे दगड लोटले आणि डांबरीने मागे निघालो.

चार किलोमीटरवर हॉर्न ऐकू आला. शेताच्या कडेला बाबा गाडीवर ताठ बसले होते आणि समोर बघून ओरडत होते, "अहो डॉक्टर, सुटलात म्हणतोय ना! निघा की आता!"

दातांचे डॉक्टर क्लबात नवीनच होते आणि ते केव्हाच पुढे गेले होते. बाबांच्या समोर होतं बुजगावणं. काळा कोट, डोक्यावर पालथं मडकं. एक हात मोडून पडलेला, दुसरा लांब केलेला.

"कोण?" बाबांनी विचारलं.

"मी."

"तू दुफाटा सोडलास?"

"सोडला."

"अरे, मी खाणीत गेलो असतो!"

"म्हणून तर तासभर हललो नाही, बाबा."

"आणि हे बघ, हे हलतच नाहीत. यांना ओलांडून कसं यायचं मी?"

आता तरी बोलायलाच हवं होतं. "बाबा, ते बुजगावणं आहे."

बाबा उतरले. सावकाश जवळ गेले, कोटाची बाही चाचपली. आतलं गवत त्यांच्या हातात आलं.

"तक्त्यापुढे बसवलंस तेव्हाच कळलं होतं तुला?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"धीर झाला नाही."

"मलाही कळलं होतं," बाबा म्हणाले. "पण तू चालतंय म्हणालास. तेच धरून बसलो."

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. ती घामाने ओली होती. गाडी बुजगावण्याशेजारी उभी केली आणि बाबा माझ्या मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच. पाय कुठे ठेवायचे हेही त्यांना सांगावं लागलं.

वाटेत ते एकदाच बोलले. "दुफाटा आला?"

"आला."

"कोण उभं आहे?"

"कुणी नाही, बाबा. इथे मीच होतो."

त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला, चाचपडत हॉर्न शोधला, दोनदा दाबला.

"सुटलास," ते माझ्या कानाशी म्हणाले.

मी डावीकडे वळलो. बाबांची किल्ली माझ्या खिशात होती, आणि सुटल्यासारखं मला काही केल्या वाटेना.