दोघांचा कोपरा

नाचाच्या बाईंनी लांब भिंतीवरचा जाड पडदा सर्रकन बाजूला सारला आणि पट्टी लावता लावता सून थबकली. पडद्यामागे खिडकीचा अर्धगोल होता, चांगला सहा फूट बाहेर गेलेला, ऐसपैस. तो तिथे आहे हे तिला ठाऊक होतं. हिशेबात मात्र त्याचा पत्ता नव्हता.

सासरे आणि सून मिळून लाकडी पट्ट्यांची जमीन बसवून द्यायचे. काटकोनात वळलेल्या या दालनाचा हिशेब सासऱ्यांनी पहिल्यांदाच तिच्यावर सोपवला होता. मोजणीच्या दिवशी सूनबाईंनी ऐटीत सांगितलं होतं, "गोल माझ्याकडे, बाबा!" त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, त्याचं निम्मं, सगळं कसं तोंडपाठ. इतकं तोंडपाठ की मागाहून करू म्हणून बाजूला ठेवलं, ते राहूनच गेलं.

आता निम्मी जमीन बसून झाली होती, बाकीचे गठ्ठे बाहेर टेम्पोत होते. त्या रंगाचं लाकूड संपलं, असं वखारवाल्याने आधीच बजावलं होतं. उद्यापासून बाईंचे वर्ग. पण तिची खरी पाचावर धारण बसली होती ती सासऱ्यांमुळे. ते ओरडणारे नव्हतेच. ओरडले असते तर बरं, एकदाचं होऊन गेलं असतं. ते फक्त गप्प बसतील, उद्यापासून सगळी मापं पुन्हा एकटेच घेतील आणि ही आपली दुकानात फोन उचलत बसेल.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "गोल धरायचाच राहिला."

सासऱ्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. गुडघ्यांची कुरकुर ऐकवत ते उघड्या जमिनीवर बसले आणि खडूने दालनाची आकृती काढू लागले.

"काय धरलंस ते सांग."

"लांब बाजू तीस गुणिले दहा, तीनशे. आडवी बावीस गुणिले दहा, दोनशे वीस. पाचशे वीस झाले. कापण्यात वाया जाईल ते वेगळं."

खडू वळणापाशी थांबला.

"लांब बाजू मी कुठून कुठे मोजली?"

"भिंतीपासून भिंतीपर्यंत. तुम्ही नेहमी मोजता तशी."

"आणि तू आडवी?"

"तशीच. तुम्हीच शिकवलंय ना!"

"मग हा कोपरा कुणाच्या वाटणीचा?"

तिने वाकून पाहिलं. दोन्ही आयत त्या एकाच चौकोनावर येऊन बसले होते.

"मला वाटलं, तुम्ही सोडलात."

"मला वाटलं, तू."

दहा बाय दहा. शंभर चौरस फूट दोनदा मोजून दोनदा आणले होते. तिने सासऱ्यांच्या हातातून खडू जवळजवळ हिसकावलाच. सहाचा वर्ग छत्तीस, गुणिले तीन पूर्णांक चौदा शतांश, त्याचं निम्मं...

"साडेछप्पन!" ती ओरडली. "बाबा, साडेछप्पनच लागतात!"

तिचा जीव भांड्यात पडला. तिने तिथेच फतकल मारली. हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

"काही बिघडलंय का?" नाचाच्या बाई धावत आल्या.

"छे हो! उलट पट्ट्या उरणार आहेत," सासरे म्हणाले, जणू सगळं त्यांनी आधीपासून ठरवूनच केलं होतं. असे बेरकी.

बाई गेल्यावर तिने डोळे पुसले. "निभावलं म्हणायचं. पण चूक माझीच होती, बाबा."

"गोलाची तुझी. कोपऱ्याची दोघांची." ते हातोडी शोधत उठले. "यापुढे मापं घ्यायला दोघांनी जायचं नाही."

तिचं हसू मावळलं. झालं, आता फोनच.

"एकटी जात जा," ते म्हणाले. "मी आलो की कोपरा दोनदा येतो."