अकरा मिनिटांची पायरी

“‘टर्मिनल उघडा’ म्हणे! हे टर्मिनल म्हणजे काय आणि ते उघडायचं कुठून?” आईने चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

‘कॉम्प्युटरला आज्ञा टाइप करून द्यायची ती काळी खिडकी,’ हे उत्तर लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“अं हं! बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम,” आईने तिला दटावलं.

नियम बाबांचा होता. प्रोग्रॅमिंगची एक भाषा, कुणीही फुकट वापरावी अशी. ती आपल्या कॉम्प्युटरवर कशी बसवायची हे सांगणारं पान बाबांनी एकोणीस वर्षं सांभाळलं. नवी आवृत्ती आली की ते पान दुरुस्त करत, जुना लॅपटॉप पुसून कोरा करत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईला बसवत. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणूनच. तिने पानावर लिहिलंय तेवढंच करायचं, बाबांनी तोंड उघडायचं नाही. हात शिवशिवू नयेत म्हणून ते दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसत. आई अडली, की चूक पानाची.

बाबांना जाऊन सात महिने झाले होते. पान आता लेकीकडे होतं आणि नवी आवृत्ती आज संध्याकाळी सहाला बाहेर पडायची होती.

“खालच्या कोपऱ्यात शोधायची चौकट आहे, तिच्यात अमुक लिहा, असं काहीतरी असायचं इथे,” आई म्हणाली.

“होतं. मीच काढलं. म्हटलं, एवढं तर कुणालाही कळतं.”

“म्हणजे मी कुणीच नाही वाटतं?”

लेक हसली आणि काढलेलं वाक्य तिने निमूटपणे परत घातलं. चौथी पायरी झाली, पाचवी झाली. आईचं बोट ओळीवरून सरकत होतं तसा लेकीचा जीव वरखाली होऊ लागला.

सहाव्या पायरीखाली बाबांनी लिहिलं होतं: ‘याला अकरा मिनिटं लागतात. पडद्यावर काहीच हलणार नाही. कॉम्प्युटर बंद पडलेला नसतो. काही दाबू नका, वाट बघा.’ हे आईमुळेच लिहावं लागलं होतं. पहिल्या खेपेला चौथ्याच मिनिटाला तिने ‘मेलं वाटतं हे’ म्हणत वायर उपटली होती.

न बोलण्याचा नियम फक्त या पायरीला सैल व्हायचा. एरवी हुंकारावर भागवणारा माणूस ही अकरा मिनिटं बोलायचा. घर बदलायचं इथेच ठरलं. लेकीने नोकरी सोडली तेव्हा तिला रागवायचं नाही, हेही इथेच. गेल्या वर्षी, ‘डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय’ हेही त्यांनी याच पायरीला सांगितलं होतं.

काल त्या भाषेची सगळी माहितीपानं बघणाऱ्या संपादकाचा मेल आला होता. सहावी पायरी आता मिनिटभरातच संपते, ती सूचना काढावी लागेल, पण निर्णय तुमचा. लेकीने सगळं पान बदललं. ती सूचना तेवढी ठेवली. एखाद्या जुन्या मशिनवर लागत असतील अकरा मिनिटं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आईने बटण दाबलं. सूचना वाचली, खुर्ची मागे सरकवली, हात मांडीवर ठेवले आणि पदराने चष्मा पुसायला घेतला. चष्मा डोळ्यांवर चढला तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली होती: काम पूर्ण झाले.

“अगं, मी काही भलतंच दाबलं का?”

“नाही. आता एवढाच वेळ लागतो.”

“मग हे अकरा मिनिटांचं कशाला?”

“राहू दे म्हटलं.”

आईने सूचना पुन्हा एकदा वाचली, या वेळी सावकाश.

“एखादी माझ्यासारखी बसेल ना गं बिचारी, संपलेल्या कामाची वाट बघत. काढ ते. ते असते तर त्यांनी सगळ्यात आधी हेच काढलं असतं. वर खूश झाले असते, काम भराभर होतं म्हणून.”

लेकीने सूचना निवडली. मग पुसली. खालची सातवी पायरी वर सरकली आणि मध्ये काही होतं याची खूणही उरली नाही. उरलेल्या दोन्ही पायऱ्या आईने न अडता पार केल्या. लेकीने पान पाठवून दिलं तेव्हा सव्वापाच वाजले होते.

ती लॅपटॉप मिटायला उठली, तर आई जागची हलली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

“बस. माझी अकरा मिनिटं राहिलीत.”

लेक बसली.

“त्यांचा तो राखाडी स्वेटर मी वापरायला काढलाय,” आई म्हणाली. “बाह्या लांब होतात. दुमडून घालते. हसशील तर बघ!”

लेक हसली नाही. दोन्ही तळवे मांड्यांखाली घेऊन ती ऐकत राहिली.