धुतलेला पुरावा

माझ्या सासूबाईंना घाण दिसली की राहवत नाही, हे लग्न ठरतानाच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. पस्तीस वर्षं त्यांनी हॉटेलांच्या चादरी आणि डॉक्टरांचे कोट धुतलेत. पाहुण्याने शेवटचा घोट घ्यायच्या आत त्याचा कप मोरीत गेलेला असतो. हे किस्से मी चारचौघांत रंगवून सांगायचे. शुक्रवारी सकाळी साडेनऊला मात्र माझी बोलती बंद झाली. मोरीच्या कट्ट्यावर बारा बाटल्या पालथ्या घातल्या होत्या. लख्ख.

"कुणी ठेवल्या होत्या गं या?" सासूबाई विचारत होत्या. "आत नुसता चिखल! घासून घासून खांदा भरून आला."

तो चिखल नव्हता, आमचा पुरावा होता.

आमच्या गल्लीमागे रंगाचा कारखाना होता. बंद पडून अकरा वर्षं झाली, पण मालक जाताना रंगाची पिंपं तिथेच पुरून गेला. नगरपालिकेने ठेकेदाराला सांगितलं, सगळी माती उपसून न्या. त्याने वरून वीतभर चांगली माती पसरली, हिरवळ लावली आणि बिल लावलं. तपासणीवाले आले, वरवरची चिमूटभर माती घेऊन गेले. अहवाल एकदम स्वच्छ. आता तिथे बालवाडी सुरू होणार होती, सोमवारपासून. आणि त्या बालवाडीत जाणार होती माझी लेक भिंगरी, वय वर्षं चार. भिंगरी माती खाते. लपून, आवडीने, मूठ भरभरून. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की सुटेल सवय. तोवर तिला त्या जमिनीवर कसं सोडायचं?

शेजारचे नळवाले काका तिथे पाइप टाकायला गेले होते, म्हणून खाली काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बारा ठिकाणी कमरेइतकं खणून बारा बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली. अकराच्या बैठकीत त्या पालिकेच्या साहेबांसमोर ठेवायच्या होत्या. साहेब आज 'जागा सुरक्षित' म्हणून सही करणार होते. ती झाली की सगळं संपलं. काकांच्या घरी पाय ठेवायला जागा नाही, म्हणून बाटल्या आमच्याकडे ठेवल्या. लाँड्रीत मातीचा पुरावा ठेवायची अक्कल माझीच.

काका आले, त्यांनी कट्ट्याकडे पाहिलं आणि मटकन उपड्या बादलीवर बसले.

"चिठ्ठ्यासुद्धा काढल्या?" एवढंच म्हणाले.

"गरम पाण्यात भिजवून," सासूबाई म्हणाल्या. अभिमान होताच आवाजात, पण आज तो जरा पडेल होता. आणि हात त्यांनी पदराखाली का घेतले होते?

"दाखवा बघू हात," मी म्हणाले.

"काही नाही झालेलं."

"सासूबाई!"

त्यांनी हात बाहेर काढले. बोटांपासून कोपरापर्यंत जांभळे! गडद, चकचकीत जांभळे. "सोडा लावला, लिंबू चोळलं," त्या पुटपुटल्या, "जितकं धुवावं तितका चढतोच आहे मेला. पस्तीस वर्षांत असा डाग पाहिला नाही." डागापुढे हरल्याची लाज त्यांना जास्त वाटत होती.

"आणि धुतलेलं पाणी कुठाय?" काका ताडकन उठले.

"टबातच आहे. ओतलं असतं तर मोरी नसती का खराब झाली?"

मी सासूबाईंना मिठीच मारणार होते, पण वेळेवर भान आलं. "आधी डॉक्टरकडे चला," मी म्हणाले.

"आधी साहेब," त्या म्हणाल्या. "डॉक्टर कुठे सही करतोय?"

मग जी काय आमची वरात निघाली! कपडे पोचवायच्या हातगाडीवर टब, टबावर प्लास्टिक, पुढे काका "सरका, सरका" ओरडत, मागे हात वर धरून सासूबाई, आणि बारा बाटल्यांचा खोका घेऊन मी. गल्लीतला न्हावी कात्री घेऊन आला, त्याच्यामागे गळ्यात टॉवेल बांधलेलं, अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक. पालिकेची लिफ्ट बंद होती. दोन मजले टब चढवताना काका आणि न्हावी एकमेकांना इतक्या शिव्या देत होते की मला हसू आवरेना, आणि हसताना टब कलंडला तर सगळं संपेल म्हणून रडूही येत होतं.

साहेब खुर्चीत होते. समोर अहवाल, हातात पेन. शेजारी बैठकीचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"नमुने आणणार होतात म्हणे," साहेब म्हणाले.

काकांनी मुकाट्याने बारा बाटल्या मांडल्या. साहेबांनी एक उचलून उजेडात धरली. "ही तर स्वच्छ आहे."

"आहेच मुळी!" सासूबाई कडाडल्या. "मी धुतलीय."

सगळी खोली फिदीफिदी हसली. मग त्यांनी हात पुढे केले, आणि हसू थांबलं. काकांनी टबावरचं प्लास्टिक ओढलं. आत जांभळं पाणी डुचमळत होतं.

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा आजी, अहवालाप्रमाणे तिथली माती निरुपद्रवी आहे."

"हो ना? मग घाला की हात."

"म्हणजे?"

"माती निरुपद्रवी, पाणी नळाचं. मी कोपरापर्यंत घातलेत. तुम्ही नुसती बोटं बुडवा, मग खुशाल सही करा. आमची नात सोमवारी बसायचीय त्या मातीत."

साहेबांनी टबाकडे पाहिलं. मग आपल्या पांढऱ्या बाह्यांकडे पाहिलं. इस्त्री माझ्याच हातची होती. त्यांची खुर्ची करकरत मागे सरकली आणि दोन्ही हात टेबलाखाली गेले. बाईंचं पेन चालूच होतं.

"काय लिहिताय एवढं?" साहेब खेकसले.

"घडलं ते, साहेब." बाई वाचू लागल्या. "रहिवाशांनी जागेवरील माती धुतलेले पाणी सादर केले. साहेबांनी त्यात बोट बुडवण्यास नकार दिला व खुर्ची सुमारे दोन फूट मागे घेतली."

"खोडा ते!"

"खोडते. पण खोडलं की बाजूला तुमची सही लागते. आणि कारण." त्यांनी रजिस्टर साहेबांकडे सरकवलं आणि बोटाने रिकामी जागा दाखवली. "इथे."

साहेबांनी रजिस्टर परत बाईंकडे ढकललं. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि अहवालावर लिहिलं: बालवाडी स्थगित, माती पुन्हा उपसावी, रहिवाशांसमक्ष. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाने गळ्यातला टॉवेल भिरकावला. काका चक्क नाचले. मी बाईंचे हात धरून रडले.

डॉक्टरांनी सासूबाईंचं रक्त तपासायला घेतलं, रंग तीन आठवड्यांत जाईल म्हणाले. त्यांना तीन आठवडे म्हणजे जन्मठेप वाटली.

सोमवारी आम्ही तिघी गच्चीत उभ्या होतो. खाली यंत्राने हिरवळ खरवडली, खोल खड्डा घेतला, आणि धूळ बसावी म्हणून कामगाराने पाइपाने पाणी मारलं. बघता बघता जमीन जांभळी होत गेली. एक कोपरा, मग दुसरा, मग बालवाडीच्या पायरीपर्यंत सगळी.

"शी! केवढी घाण," सासूबाई हळूच म्हणाल्या.

भिंगरी माझ्या कडेवरून वाकली आणि तिने खाली हात पसरला. "आई, मला दे ना ती माती."

मी तिची मूठ पकडली, आणि खूप वेळ सोडलीच नाही.