पोटरीतली नस

नुकतीच धुतलेली मोठी काच दोघं मिळून टेबलावर ठेवत होती. तसबिरींच्या चौकटींचं दुकान ताईचं. दुसरं टोक धाकट्या भावाने धरलं होतं. ते सटकलं आणि काच ताईच्या उजव्या मनगटात शिरली.

जखम भरून आली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी राहिली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. "नसेचा, म्हणजे मज्जातंतूचा, तीन सेंटिमीटरचा तुकडा वाया गेलाय. टोकं ओढून शिवता येणार नाहीत. तुमच्याच पोटरीतली एक नस काढून मध्ये जोडू. तिच्या आधाराने तुमची नस पुढे वाढत जाईल. पण पावलाची बाहेरची कड बहुतेक बधिर राहील."

ओढूनताणून जुळवलेला सांधा टिकत नाही, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. "पायाने कुठे मी काच कापते?" म्हणत तिने डाव्या हाताने वेडीवाकडी सही ठोकली.

ऑपरेशन झालं. नस वाढायची दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. भाऊ रोज संध्याकाळी मनगटापासून हलकेच टिचक्या मारत यायचा आणि टिचकीसरशी मुंग्या जिथवर आल्या, म्हणजे नस जिथवर वाढली, तिथे पेनाने खूण करायचा. एरवी शब्दाला शब्द देणारा हा माणूस आता नुसता "हो ताई, हो ताई" करत होता. हाताहून ताईला त्याचाच जास्त वैताग आला होता.

सातव्या महिन्यात मुंग्या बोटांच्या टोकांपर्यंत पोचल्या. ताईने डोळे मिटले, भावाने कापूस फिरवला.

"मधलं बोट."

"नाही गं. अंगठ्याशेजारचं." त्याचा आवाज चिरकला. असं होणार, मेंदूला पुन्हा शिकवावं लागेल, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. तरी त्याचे डोळे भरून आले.

ताई भडकली. "रडतोस काय? काच ओली होती. माझ्याही हातून सुटली असती! फिरव कापूस परत. आणि बरोबर की चूक, तेवढंच बोल."

दीड वर्षाने दहातली आठ उत्तरं बरोबर येऊ लागली. बारीक खिळा मात्र अजून चिमटीत राहत नाही, म्हणून खिळे आणि काच आता भावाकडे, मोजमाप ताईकडे. परवा तिने त्याला एका चौकटीचा कोपरा पुन्हा जुळवायला सांगितला.

"तूच कर," तो फणकारला. "मला जेवायला जायचंय."

ताई मान खाली घालून हसली आणि कोपरा जुळवायला बसली.