बाबल्याचा नांगर

हरिश्चंद्राचं नाव ज्या भटजींनी ठेवलं, त्यांनी पुढं पत्रिका करायचंच सोडून दिलं, असं लांज्याकडच्या त्याच्या गावात सांगतात. शाळेत असताना या पोरानं मास्तरांना पटवलं होतं, की वाटेवर एक वाघ आडवा झोपलेला असतो, बिचारा रात्रभर हिंडून दमलेला असतो, त्याला उठवणं बरं दिसत नाही, म्हणून उशीर होतो. मास्तरांना ते पटलं. एवढंच नव्हे, तर पुढं आठवडाभर तेही उशिराच आले.

असा हा माणूस. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त होऊन रत्नागिरीत घर बांधलं, आणि सत्तरीला टेकल्यावर एका साध्या शब्दात पाय अडकून पडला. शब्द कुठला म्हणाल, तर नांगर.

त्याचं झालं असं. मुलगी दर्शना कागलला दिली. जावई स्वरूप अगदी गरीब गाय, पण व्याही अनिलराव! त्यांच्या मिशा अशा, की ते मोटरसायकलवरून निघाले म्हणजे मिशा आधी पोचत आणि ते मागाहून. डोक्याला कायम फेटा. घरी देव्हाऱ्याशेजारी तलवार. सोयरिकीच्या बैठकीतच त्यांनी ती म्यानातून काढून दाखवली, "आमच्या खापरपणजोबांची" म्हणाले, आणि हरिश्चंद्राकडं असं पाहिलं, की आता तुमच्याकडं काय आहे ते काढा.

हरिश्चंद्रानं काढलं. "आमच्या पणजोबांचा, बाबल्याचा, नांगर रत्नागिरीच्या संग्रहालयात ठेवलाय."

आता नवल वाटेल, पण हे खरं होतं. प्रादेशिक इतिहासाचं नवं संग्रहालय उभं राहिलं तेव्हा त्या लोकांनी गावोगाव फिरून जुन्या वस्तू मागितल्या. गावच्या घरी माळ्यावर एक लाकडी नांगर पडला होता आणि हरिश्चंद्राच्या बायकोला, काशीला, दर गणपतीत डोक्याला टेंगूळ आणत होता. "द्या तो तेवढा," ती म्हणाली, "नायतर चुलीत घालतंय." चुलीऐवजी तो इतिहासात गेला.

पण अनिलरावांनी डोळे मोठे करून विचारलं, "म्हंजे जहाजाचा?"

रत्नागिरीचा पाहुणा म्हटल्यावर कागलच्या माणसाला समुद्रच दिसणार. शेतातला तो नांगर, आणि गलबत जागच्या जागी धरून ठेवतो तोही नांगरच. मराठीनं दोघांना एकच नाव दिलं, त्यात हरिश्चंद्राचा काय दोष? तो नुसता गप्प राहिला. गप्प राहणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा जमलं आणि तेच अंगाशी आलं. कारण मग पोहे आले. पोह्यांबरोबर बाबल्याचा गलबतावरचा तांडेल झाला. चहाबरोबर त्याचं गलबत मस्कतला लागलं. आणि पानसुपारीला येईतो त्यानं एका देवमाशाला नांगराच्या दोरानं बांधून त्याच्याकडून गलबत ओढून घेत थेट जयगडला आणलं.

वर्ष गेलं. दर्शना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि बारसं ठरलं. नाव आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं हे खरं, पण आत्याच्या कानात आधी कोण सांगणार, यावरून दोन आजोबांची फोनवर जुंपली. अनिलरावांनी ठरवलं होतं 'रणरागिणी'. हरिश्चंद्राला हवं होतं 'सागरिका'. ओसरीवर कोवळ्या उन्हात नातीला मांडीवर घेऊन तो आसपास कोणी नाही असं बघून तिला त्याच नावानं हाक मारायचा, आणि ती जांभई द्यायची. त्या जांभईला तो होकार समजत होता.

"रणरागिणी काय, बाबा?" दर्शना वैतागून म्हणाली. "शाळेत बाई म्हणतील, रणरागिणी, नाक पूस."

"आनि सागरिका तरी काय?" काशीनं पाळण्याला झोका दिला. "खाडीचा पूल आला की तिकिटं फाडायची सोडून डोळे मिटून घेत होतात तुम्ही. गाडीतली मान्सं समजायची, कंडक्टर देव देव करतोय."

शेवटी तोड काढली अनिलरावांनीच. "बारशाच्या आदल्या दिवशी येतो. तुमच्या बाबल्या तांडेलाचा जहाजाचा नांगर डोळ्यांनी बघतो. दिसला, तर नाव तुमचं. न्हाई दिसला, तर रणरागिणी. बोला व्याही!"

"हो हो, या की," हरिश्चंद्र म्हणाला आणि फोन ठेवून पंख्याखाली बसला. पंखा बंद आहे हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ गेला.

ठरल्याप्रमाणे अनिलराव आले. बरोबर स्वरूप, आणि ऐंशी ओलांडलेली आई, गोदाआजी. आजीला गुडघे नव्हते म्हटलं तरी चालेल, पण हौस अशी की म्हणाली, "जहाज न्हाई बगितलं, निदान त्याचा पाय तरी बगू दे."

हरिश्चंद्रानं जंग जंग पछाडलं. आज संग्रहालय बंद असतं म्हणाला. स्वरूपनं मोबाइलवर बघून सांगितलं, उघडं आहे. रस्ता खणलाय म्हणाला. रस्ता काल रात्रीच बुजवला होता, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वेळेवर. शेवटी तान्ह्या पोरीला ऊन लागेल म्हणाला, तर काशीनं टोपरं, दुपटं आणि छत्री काढून समोर ठेवली. "चला की आता! माज्या टेंगळाचा नांगर मलापन बघायचाय."

संग्रहालयाच्या आवारात शिरताक्षणी हरिश्चंद्राचा जीव भांड्यात पडला. फाटकाच्या आत, बदामाच्या झाडाखाली, चौथऱ्यावर एक भलाथोरला लोखंडी नांगर उभा होता. जहाजाचा. दोन्ही बाजूंनी हुक वळलेले, माणसाच्या उंचीचा, गंजून काळाठिक्कर. त्याच्यापुढं पाटी. हरिश्चंद्र चपळाईनं पुढं झाला आणि पाटीला पाठ टेकून उभा राहिला.

"हाच तो," त्यानं हात वर केला. "बाबल्या तांडेलाचा."

अनिलराव फेटा सावरून बघतच राहिले. तलवार त्याच्यापुढं चाकूसारखी दिसली असती. गोदाआजीनं वाकून नांगराला नमस्कार केला. "लई थोर मानूस," ती म्हणाली. "उचलत कसा हुता पर?"

"डाव्या हातानं," हरिश्चंद्र म्हणाला. "उजव्या हातात विडी असायची."

काशी तोंडाला पदर लावून बदामाकडं वळली.

तेवढ्यात मागून एक ठसठशीत आवाज आला. "काका, जरा बाजूला होता काय? आमच्या नांगराचा फोटो काढायचाय."

पन्नाशीची एक बाई आणि तिच्यामागं मोबाइल धरलेला तरुण मुलगा. बाईचं नाव साबेरा, मुलाचं आमीर. तो कतारहून सुट्टीवर आला होता आणि घरची माणसं जिथं जिथं दाखवायला नेतील तिथं मुकाट जात होता.

"तुमचा नांगर?" अनिलरावांनी विचारलं.

"म्हणजे काय! माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचा, गनी नाखव्याचा. सात गलबतं होती त्यांची. पाटीवर लिहिलंय की सगळं." साबेरानं हरिश्चंद्राच्या पाठीकडं बोट केलं. "काका टेकलेत ना, म्हणून दिसत नाय."

अनिलराव सावकाश वळले. "आणि बाबल्या तांडेल?"

हरिश्चंद्रानं साबेराकडं बघितलं. त्या बघण्यात हात जोडणं होतं, पाया पडणं होतं. साबेरा ते समजली. पण ती बंदरावरची बाई, फुकट कुणाला सोडणारी नव्हे.

"बाबल्या? होता, होता!" ती अगदी गंभीर होऊन म्हणाली. "गनी नाखव्याच्या गलबतावर एक बाबल्या होता, आमच्या घरात अजून त्याची गोष्ट सांगतात. गलबत हललं की ओकायचा. म्हणून त्याला बंदरावरच उतरवून ठेवला होता. किनाऱ्यावरून हात हलवायचा तो."

हसून हसून आमीरच्या हातातला मोबाइल खाली पडला. हरिश्चंद्र म्हणाला, "हात हलवणं हे तांडेलाचंच काम असतं," पण आवाज नेहमीचा नव्हता.

आणि वर हे कमी म्हणून की काय, संग्रहालयाच्या दारातून शिपाई सर्वेश हाका मारत धावत आला. "हरिश्चंद्रकाका! तिकडं कुठं उन्हात? तुमचा नांगर आत ठेवलाय ना, शेतीच्या दालनात! चला, आम्ही त्याला तेलपाणी केलंय, ओळखणार नाय तुम्ही."

वरात आत गेली. पुढं सर्वेश, मागं मिशा, आणि सगळ्यात शेवटी हरिश्चंद्र, फाशीचा तख्ता बघायला निघाल्यासारखा.

शेतीच्या दालनात, बुटक्या लाकडी ओट्यावर, बाबल्याचा नांगर तेलानं चकाकत होता. कोकणातला नांगर तो. उतारावरच्या भाताच्या चिंचोळ्या कुणग्यात बैल वळायला जागा नसते, म्हणून एका माणसानं खांद्यावर टाकून न्यावा एवढाच. कागलच्या काळ्या मातीत आठ आठ बैलांचे नांगर बघितलेल्या अनिलरावांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"व्याही," ते म्हणाले, "ह्यो नांगर हाय का कान कोरायची काडी?"

"आकारावर जाऊ नका," हरिश्चंद्रानं शेवटचा जोर लावला. हरणार हे त्याला दिसत होतं. पण बोलायचं थांबलं की नातीचं नाव रणरागिणी होतं, म्हणून तो बोलत राहिला. "या नांगरानं बाबल्यानं समुद्र नांगरला."

अनिलरावांनी फेटा कानावरून वर सरकवला.

"समुद्र," अनिलराव म्हणाले.

"गणपतीपुळ्यापासून थेट जयगडपर्यंत. पोहणारे बैल होते, शिंगांना नारळ बांधलेले, बुडू नयेत म्हणून. खोटं वाटत असेल तर किनाऱ्यावर जाऊन बघा. लाटा एकीमागून एक अशा ओळीनंच का येतात? नांगराच्या तासांचे चर आहेत ते, बाबल्यानं पाडलेले. अजून बुजले नाहीत."

"आनि पेरलं काय?" गोदाआजीनं मनापासून विचारलं.

"सुकट. म्हणून तर बांगडे पिकतात."

"बास!" अनिलरावांनी हात वर केला. "जहाजाचा नांगर बगायचं ठरलं हुतं. हितं जहाज न्हाई, तांडेल न्हाई. ठरल्याप्रमाणं, नाव..."

पण गोदाआजीचे गुडघे त्यांच्याही आधी बोलले. "मी बसते बाबा," म्हणून ती सरळ नांगराच्या ओट्यावर बसली आणि दर्शनाकडं हात केले. दर्शनानं पोरीला तिच्या पुढ्यात, फाळाच्या अगदी टोकाशी, दुपट्यावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी प्यायला वळली. "आजी, वस्तूवर बसायचं नाय!" सर्वेश ओरडला. त्या ओरडण्यानं पोर जागी झाली आणि तिनं टाहो फोडला. अनिलराव एक पाय पुढं टाकून, दोन्ही हात पसरून, तिला उचलायला वाकले.

नेमकी त्याच क्षणी गणपतीपुळ्याहून दर्शन करून आलेली एक मंडळी दालनात शिरली. पुढं एक जाडजूड बाई होती, हातात प्रसादाची पिशवी. ती दारातच थबकली. नांगर. फाळाशी रडणारी तान्ही मुलगी. शेजारी चंदेरी केसांची धरणीमाता. आणि फेटा बांधलेला, मिशाळ, हात पसरलेला राजा.

"अगं बाई!" ती किंचाळली. "जनकराजाला सीता सापडली! जिवंत देखावा ठेवलाय!"

भराभर चपला निघाल्या. हात जोडले गेले. मोबाइल वर झाले. अनिलराव वाकल्या जागी ताठरले. सरळ व्हावं तर एवढी माणसं पाया पडताहेत. न व्हावं तर कंबर धरलेली.

"आई, राजा घामाघूम झालाय," एक मुलगी म्हणाली.

"हलू नकोस म्हणावं त्याला. आणि हा कोण गं?" बाईनं टोपरं आणि छत्री घेऊन उभ्या असलेल्या हरिश्चंद्राकडं बघितलं. "राजाचा गडी असणार."

गडी! दुसऱ्या कुठल्याही दिवशी हरिश्चंद्रानं तिला आपली सात पिढ्यांची वंशावळ ऐकवली असती. पण छत्री हातात धरल्या धरल्या त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सागरिका बुडाली होती. ती आता वर येणार नव्हती. पण रणरागिणीही अजून किनाऱ्याला लागली नव्हती.

तो लगबगीनं पुढं झाला, छत्री उघडून व्याह्यांच्या डोक्यावर धरली आणि कमरेत वाकून खणखणीत आवाजात म्हणाला, "महाराज! प्रजा खोळंबलीये. नांगराच्या टोकाशी सापडलेल्या या कन्येचं नाव काय ठेवायचं?"

सगळी मंडळी जनकराजाकडं बघू लागली. जोडलेले हात तसेच. अनिलरावांनी हरिश्चंद्राकडं असं बघितलं, की घरची तलवार त्या क्षणी हाताशी नव्हती हे बरं. तोंड उघडलं. "र..." म्हणाले. प्रसादवाल्या बाईच्या कपाळावर आठी पडली. रामायणात 'र' नं सुरू होणारी माणसं आहेत, पण ती या जागी नाहीत.

"र... राजा जनकाची लेक," अनिलराव मिशीवरचा घाम पुसत म्हणाले, "जानकी."

"जानकी!" मंडळींनी गजर केला. पोर रडायची थांबली आणि तिनं जांभई दिली. बाईनं आंबामोदकांचा पुडा धरणीमातेच्या मांडीवर ठेवला. धरणीमातेनं तो तिथल्या तिथं फोडला.

"फसवलंत व्याही," अनिलराव कंबर धरून सरळ होत पुटपुटले.

"मी? नाव तुम्हीच ठेवलंत, महाराज."

"मग आमच्याकडचं म्हनायचं."

"पण नांगर कुणाचा?"

"नाव माझ्या पोरीचं आहे," दर्शनानं मुलीला उचललं. "आणि मला आवडलंय. आत्याला मी सांगते. आता दोघांपैकी कोणी एक अक्षर बोललात, तर दोघांना इथंच काचेत ठेवून जाईन."

सर्वेश आजीला ओट्यावरून उठवायची खटपट करत होता. आजी मोदक संपल्याशिवाय उठायला तयार नव्हती.

प्रसादवाली बाई दारातून परत आली. "अहो, आमची दुसरी गाडी मागं आहे, त्यांचं बघायचं राहिलं. पुढचा देखावा कधी आहे?"

हरिश्चंद्रानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी अनिलरावांनी फेटा नीट केला, मिशांना पीळ दिला आणि गंभीरपणे सांगितलं, "बाबल्याचं बैल समुद्रातनं पवून परत आलं, की."