भरलेल्या बाटल्या

चढ अर्धाही सरला नव्हता आणि तिच्या पोटरीत असा गोळा आला की सायकल आडवी, ती आडवी. मागच्या वर्षीही इथेच, याच चढावर. वर्षभर पहाटे उठून पाय झिजवले ते परत इथेच लोळण घ्यायला? शर्यतीची वेळ संपायला अवकाश होता, अंतरही फार नव्हतं. यंदा पोहोचायचंच होतं. पण पाय ऐकेल तर ना!

पुढे गेलेली नणंद वळून आली. "वहिनी, पाणी प्यायलीस का?"

"प्यायले ना."

नणंदेने तिच्या सायकलची बाटली उपसली. दुसरी उपसली. "दोन्ही भरलेल्या! सकाळी मीठसाखर घालून दिल्या तशाच! यांना काय फिरायला आणलंस?"

"तहान नव्हती."

"आणि खजूर?"

"कोरडे घशाखाली उतरेनात."

"पाण्याशिवाय उतरतील कसे? जात्यात दाणा टाकायचा नाही आणि पीठ मागायचं!"

"अगं, पण लघवीला लागली तर जाऊ कुठे?" ती खेकसली.

नणंदेने नुसता हात फिरवला. दोन्ही बाजूंना झाडीच झाडी. चिटपाखरू नाही.

तिला स्वतःचीच चीड आली. ती काम करायची त्या कापडाच्या दुकानात शौचालयाला कुलूप. किल्ली मालकाच्या खिशात. मागितली की मेला मिशीत हसायचा. म्हणून सगळ्याजणी दिवस घोटभर पाण्यावर काढायच्या. नवी पोरगी आली की कापड मोजण्याआधी हे शिकायची. आणि शिकवायचं कोणी? हिनेच! अंगात इतकं मुरलं की सुट्टीच्या दिवशी, भर रानातसुद्धा, तहानेला तोंड उघडायची हिंमत होत नाही.

तिने रागाने बाटली तोंडाला लावली.

"घोटघोट पी!" नणंद ओरडेपर्यंत सगळं उलटून बाहेर. शेवटी आयोजकांची गाडी आली. सायकल टपावर, ती आत.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने तीच बाटली कापडाच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली. घोटघोट संपवली आणि मालकापुढे हात केला.

"किल्ली."

"आत्ता? समोर गिऱ्हाईक आहे."

"असू दे की. सांगू त्यांना, कशाला हवीय ते?"

मालकाचा हात मुकाट खिशात गेला.

ती किल्ली तिने परत दिलीच नाही. कात्री टांगायच्या खिळ्याला अडकवली, सगळ्याजणींचा हात पोहोचेल अशी.