निशाणावरचा ठिपका

ओट्यावरची वाटी रिकामी दिसली. वाटीत नाणं भिजत घातलं होतं.

देवघरापाशी सुहासिनी उद्याच्या दसऱ्यासाठी देव घासत बसली होती. चिंचेच्या कोळात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा. आणि ताम्हनात, लखलखीत, ते नाणं. रोमन, ब्राँझचं, सतराशे वर्षांपूर्वीचं, शर्टाच्या बटणाएवढं.

"अहो, देवातला जुना पैसा वाटीत कशाला टाकलात? किती मळला होता," ती म्हणाली.

नाणं माझं असतं तर दोन शब्द बोलून मोकळा झालो असतो. पण ते पीएच.डी. करणाऱ्या तनयाच्या संस्थेचं होतं, तिनं सही करून माझ्याकडे आणलेलं. मी आयुष्यभर बँकेत खर्डेघाशी केली, तरी कर्वेनगरात मला लोक ओळखतात ते नाण्यांमुळे. महिन्यापूर्वी भिंगातून बघून मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं, की दोन शिपायांच्या मधल्या निशाणावर ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत. पोरीनं त्यावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहिलं. दहा वाजता ती नाणं न्यायला येणार होती आणि पावणेदहा वाजून गेले होते.

भिंग लावलं. मळ गेला होता, नक्षी शाबूत होती. शिपाई स्वच्छ, भाले स्वच्छ, निशाणही स्वच्छ. निशाणावर नुसता एक ठिपका. अशी नाणी ढिगानं सापडतात. मी वाचलेली अक्षरं म्हणजे चिखल होता. मळ होता तोवर झाकली मूठ होती.

मग मी जे केलं ते आठवलं की आजही घाम फुटतो. चिमूटभर रांगोळी घेतली, निशाणावर अंगठा दाबला आणि ठिपका पुसट होऊन जाईपर्यंत घासत राहिलो. सुहासिनी बघत होती. टोमणा मारल्याशिवाय जिला चहा गोड लागत नाही, ती बाई पुन्हा घंटा घासायला लागली.

बेल वाजली. नाणं हातात घेताच तनयाचा चेहरा पडला.

"काका, हे काय झालं? गाइडना आता काय दाखवू? पण चिन्ह होतं ना? नक्की?"

"होतं तर. हिनं देवांबरोबर घासलं. तिला काय कळतंय त्यातलं!"

सुहासिनीनं पदराला हात पुसले. आता ही बोलणार, या भीतीनं मी हातातलं भिंग मुठीत आवळलं.

"हो गं, माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांना माझं नाव सांग."

तनया डोळे पुसत गेली. दार लावून सुहासिनी परत ताम्हनापाशी येऊन बसली आणि तिनं माझ्यापुढे हात केला. दरवर्षी दसऱ्याला ती माझं भिंग पूजेत मांडते.

"द्या ते इकडे," ती म्हणाली. "तेही घासून ठेवते."

भिंग माझ्या मुठीतच होतं. मूठ उघडेना.